पोटावर मार लागला होता का?

काकोसा काकीसांना मारायला लागले की आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढायचा. कोणी तसं ठरवलेलं नव्हतं. मम्मी पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर यायची, रिमोट उचलायची, आवाज वाढवायची आणि परत आत जायची. मालिका असो, बातम्या असोत, नाहीतर कापसाचे भाव सांगणारा माणूस असो, तो एकदम ओरडायला लागायचा. तरीही त्याच्या ओरडण्याखालून भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. काकीसा ओरडत नसत. आवाज व्हायचे ते वस्तूंचे. स्टीलचा डबा घरंगळल्याचा, कपाटाचं दार आपटल्याचा, आणि एक सपकन हवा कापत येणारा, पाईपाचा. तो मला पक्का ओळखीचा होता, कारण खाली दुकानात तोच पाईप मीटरवर मोजून विकला जायचा. लोणखेड्याच्या रस्त्यावर आमचं ठिबकच्या सामानाचं दुकान होतं आणि वर घर. पप्पा आणि काकोसा दोघे भाऊ, दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, स्वयंपाकघर एक. दुकानात काळ्या पाईपांच्या गुंडाळ्या माणसाच्या छातीपर्यंत रचलेल्या असायच्या. काकोसा गिऱ्हाइकासमोर पाईपाचा तुकडा वाकवायचे, पिळायचे, काउंटरवर आपटायचे आणि म्हणायचे, "दखा भाऊ, काही व्हत नही याले." पाईपाला खरंच काही होत नसे.

आमचं घर अहिंसा पाळणारं होतं. हा टोमणा नाही, तसं ते होतंच. पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळलं जायचं. सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायची, त्यामुळे चार वाजल्यापासून स्वयंपाकघरात नुसती घाई असायची. काकीसा गट्ट्यांच्या भाजीचं बेसन मळायच्या, मम्मी फुलके फुगवायची, मी ताटं मांडायची. कांदा, बटाटा, लसूण घरात येत नसे. मुंग्यांची रांग निघाली तर काकोसा स्वतः पिठाची चिमूट टाकून तिला बाहेरची वाट दाखवायचे. लहानपणी मला यात काहीच वावगं दिसलं नाही. मुंगीला मारणं पाप होतं आणि काकीसांना मारणं ही घरातली गोष्ट होती. त्यांना मूल नव्हतं, आणि घरातली बरीचशी बोलणी तिथून सुरू होऊन तिथेच संपायची. काकीसा राजस्थानातल्या एका लहान गावातून लग्न होऊन आलेल्या. मराठी त्या आमच्या मोलकरणीकडून शिकल्या, म्हणजे खरं तर अहिराणी शिकल्या. त्या आणि मी, दोघी कमी बोलणाऱ्या. दुपारी खाकरे भाजताना त्या तव्यावर कापडाच्या बोळ्याने दाबत बसायच्या आणि मी शेजारी पुस्तक घेऊन. तासभर एक शब्द नाही. मला घरात सगळ्यात जवळचं माणूस तेच होतं.

मग त्या मारात मी कुठे होते? मी त्यात होते. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

आमचे घरचे डॉक्टर पप्पांच्या मित्रांपैकी होते. आम्ही त्यांना डॉक्टर अंकल म्हणायचो. त्यांच्या दवाखान्याला मागच्या गल्लीतून एक दार होतं. काकीसांना तिथे न्यायची वेळ आली की मम्मी मला सोबत पाठवायची. "गुड्डी, तू जा. तुझं इंग्लिश चांगलं आहे. तुला जास्त विचारणार नाहीत." मी शाळेत बाईंनी नाव घेतलं तरी लाल होणारी मुलगी. पण इंग्रजीत मला एक सोय सापडली होती. घरात कोणीही त्या भाषेत कोणाला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, रडलं नव्हतं. त्या भाषेत खोटं बोलताना जीभ अडखळत नसे. पहिल्या वेळी कानाचा पडदा फाटला होता. मी म्हणाले, "शी स्लिप्ड इन द बाथरूम, अंकल." दुसऱ्या वेळी हात भाजला होता, पंजाच्या मागच्या बाजूला, तव्याच्या कडेचा गोल उमटला होता. मी म्हणाले, तवा निसटला. तिसऱ्या वेळी डोक्याला पाच टाके पडले. मी म्हणाले, माळ्यावरून पापडाचा डबा पडला. ते लिहून घ्यायचे. एकदा कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "व्हेरी गुड इंग्लिश, बेटा." मी घरी येईपर्यंत त्या वाक्याने खूश होते. काकीसा माझ्या शेजारी रिक्षात बसल्या होत्या, डोक्याला पट्टी, आणि मी खूश होते. त्या कागदांवर खाली इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, की माहिती पुतणीने दिली.

मी बारावीत होते त्या वर्षीच्या पर्युषणात काकीसांनी अठाई केली. अठाई म्हणजे आठ दिवसांचा उपवास, नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. पाचव्या दिवसापासून त्यांचा आवाज गेला. ओठ पांढरे पडले, पण चेहऱ्यावर एक वेगळीच शांती आली. अठाई करणाऱ्या बाईला आमच्यात फार मान. शेजारच्या बायका येऊन त्यांचे पाय दाबून जायच्या, मेंदी काढायच्या, गाणी म्हणायच्या. आठ दिवस काकोसांनी त्यांच्यावर हात उचलला नाही. मी मनात म्हणायचे, हा उपवास संपूच नये.

शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या संध्याकाळी, वर्षभराच्या चुका आठवायचं प्रतिक्रमण झाल्यावर सगळे एकमेकांना हात जोडतात. मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात जाणूनबुजून किंवा नकळत दुखावलं असेल तर क्षमा. समोरच्यानेही हात जोडून तेच म्हणायचं असतं. लहान मोठ्यांना म्हणतात, मोठे लहानांना, भांडलेल्या जावा-नणंदा एकमेकींना. मला ती संध्याकाळ आवडायची, अजूनही आवडते. त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात तीसेक माणसं होती. काकोसा पांढऱ्या कपड्यांत पुढे आले, सगळ्यांसमोर काकीसांपुढे वाकले आणि हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." बायकांनी कौतुकाने "वा!" केलं. काकीसांनी हात जोडले. त्यांच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागला. सगळे त्यांच्याकडे बघत थांबले होते, म्हणून तो क्षीण आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू गेला.

"कशाची?" त्या म्हणाल्या.

मग पप्पांचे एक मित्र मोठ्याने हसले. "घ्या भाऊ! आता यादी आणा!" त्यांच्या मागे सगळा दिवाणखाना हसला. काकोसाही हसले. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. काकीसा हसल्या नाहीत. त्यांनी ते चिडवायला विचारलं नव्हतं, असं मला आजही वाटतं. आठ दिवसांच्या रिकामेपणात त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं होतं. घरच्यांनी एकेक करून उपवास करणाऱ्याला मुगाचं कोमट पाणी पाजायचं असतं. काकीसा स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, मी वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. काकोसा आत आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. हातात हातभर लांबीचा पाईपाचा तुकडा. "कशाची, विचारत होतीस ना काल? सांगतो तुला कशाची." पहिला फटका पाठीवर. दुसरा, तिसरा पाठीवर. चौथ्याला काकीसांनी डावा हात वर केला आणि पाईप हातावर बसला. सुकं सरपण गुडघ्यावर मोडताना येतो तसा आवाज आला. त्या पाटावरून कुशीवर कलंडल्या. मग काकोसांनी लाथ मारली. डाव्या बरगड्यांच्या खाली. पुन्हा एकदा, त्याच जागी. बाहेर टीव्हीवर कोणीतरी मोठमोठ्याने भजन म्हणायला लागलं. मी तिथे तीन हातांवर होते. मी ओरडले नाही, मध्ये पडले नाही, दार उघडलं नाही. माझ्या वाटीतलं पाणीसुद्धा सांडलं नाही, इतकी मी स्थिर उभी होते.

काकोसा गेल्यावर मम्मी आली. तिने काकीसांना उठवलं, साडी बदलली, मोडलेल्या हाताखाली उशी दिली. गाडी दारात येईपर्यंत घरात वाक्य तयार झालं होतं. अठाईमुळे चक्कर आली, त्या पडल्या. आधीच्या तिन्ही खोट्यांपेक्षा हे चांगलं होतं, कारण त्यातला निम्मा भाग खरा होता. काकीसांना चक्कर येत होती. ओठ पांढरे होते. घाम सुटला होता. आठ दिवस न जेवलेल्या बाईचं असंच होणार, हे गावातल्या कोणालाही पटलं असतं.

डॉक्टर अंकल त्या आठवड्यात मुलीला कॉलेजात पोचवायला परगावी गेले होते. म्हणून, आणि केवळ म्हणून, काकोसा काकीसांना आणि मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले.

तिथे दारातच पाटील सिस्टर भेटल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात बडीशेप. काकीसांच्या हाताकडे आणि आमच्या कपड्यांकडे एकाच वेळी बघत त्यांनी विचारलं, "काय व्हयनं माय?"

"अठाई होती. चक्कर आली. घरात पडली," काकोसांनी सांगितलं.

"पडनी का? मारवाडीस्ना घरमा फरशी भलती चिकनी ऱ्हास बरं!" त्या म्हणाल्या, आणि काकोसा हसले, कारण गावात सगळे त्यांच्याशी असंच थट्टेने बोलायचे. सिस्टर हसल्या नाहीत.

ड्यूटीवर डॉक्टर वसावे मॅडम होत्या. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या असतील. मोलगीकडच्या, डोंगरातल्या घरातून शिकून आलेल्या. बोलायच्या शांत, शाळेतल्यासारखं मराठी. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. "कमी आहे." काकोसा म्हणाले, "अठाईच आहे मॅडम. एक सलाईन लावा, हाताला प्लास्टर करा, आम्ही घरी नेतो. पारणं राहिलंय तिचं." मॅडमनी मान हलवली. सलाईन सुरू झालं. एक्सरे आला. त्यांनी तो खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

नंतर, कितीतरी नंतर, मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला कळलं कसं. त्यांनी मला कागदावर हाताची दोन हाडं काढून दाखवली. "माणूस पडतो तेव्हा हात टेकतो. मग मोडतं ते मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं. तुझ्या काकीचं मोडलं होतं करंगळीच्या बाजूचं, अगदी मध्यावर. ते हाड तिथे मोडतं, जेव्हा माणूस तोंडावर येणारा मार हाताने अडवतो." मी तो कागद ठेवला नाही. पण आजही रस्त्यात कोणा बाईच्या हाताला प्लास्टर दिसलं की माझी नजर आधी करंगळीकडे जाते.

त्या दिवशी मात्र त्यांनी एक्सरे नुसता बाजूला ठेवला. त्यांनी काकीसांना कुशीवर वळवलं आणि ब्लाऊजची कड वर केली. पाठीवर तीन वळ होते. प्रत्येक वळ म्हणजे दोन लाल रेघा, आगगाडीच्या रुळांसारख्या, आणि मधली कातडी पांढरी. "हे काय?"

"दुकानात पडली. पाईपांवर," काकोसा म्हणाले.

"मघाशी घरात पडल्या म्हणालात."

"खाली दुकान, वर घर. एकच आहे."

तेवढ्यात काकीसा पुटपुटल्या, "खांदा दुखी ऱ्हायना." मॅडमनी डावा खांदा सगळीकडून दाबला. हलवला. काकीसांना काही झालं नाही. दाबल्यावर दुखत नव्हता, आणि तरी दुखत होता. मॅडमचा चेहरा बदलला. त्यांनी काकीसांच्या पोटावर हात ठेवला, मग काकोसांकडे नाही, काकीसांकडे बघून विचारलं, "पोटावर मार लागला होता का?"

काकीसांनी डोळे मिटले.

"नाही हो मॅडम," काकोसा म्हणाले, "रिकामं पोट आहे, आठ दिवसांचं. त्यात काय असणार?"

"तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी नवरा आहे तिचा. मी बाहेर जाणार नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू होतीस तिथे?" मी काकोसांकडे पाहिलं. त्या जवळ आल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ. उपवासाने रक्तदाब कमी झाला असेल तर सलाईनने वाढेल आणि मी यांना घरी पाठवीन. पण पोटावर मार बसला असेल, तर आत रक्त वाहत असू शकतं. खांदा त्यामुळेही दुखतो. मग घरी पाठवलं तर संध्याकाळपर्यंत त्या जातील. मला एवढंच कळायला हवंय. कोणी केलं ते नंतर."

माझ्या तोंडात इंग्रजी वाक्य तयार होतं. शी फेल्ट गिडी अँड फेल. घासून गुळगुळीत झालेलं, व्याकरणशुद्ध. काकोसा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भरवसा होता. गुड्डी सांगेल. गुड्डी नेहमी सांगते. तो भरवसा मी तीन वेळा खरा केला होता. मी काकीसांच्या कपाळावरचा घाम बघितला. मेंदी काढलेल्या हाताची नखं निळसर झाली होती.

"लाथ मारली," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही. मराठीत मी इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. "काकोसांनी. इथे. डाव्या बाजूला. दोनदा. आज सकाळी. आधी पाईपाने मारलं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काकोसांची चपराक माझ्या कानशिलावर बसली आणि मी औषधांच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. बाटल्या फुटल्या. स्पिरिटचा वास. त्यांनी माझे केस धरले आणि डोकं ट्रॉलीच्या कडेवर आपटलं. मग पाटील सिस्टरांचा आवाज, बडीशेप थुंकून दिलेला: "केस सोड तिना! हाऊ दवाखाना शे, तुन्हं दुकान नही!" आणि त्यांनी सलाईनचा लोखंडी स्टँड काकोसांच्या छातीला लावून त्यांना भिंतीशी दाबून धरलं. वॉर्डबॉय धावत आला. पलीकडच्या खाटेवरचा प्लास्टरमधला म्हातारा उठून बसला आणि ओरडायला लागला, "मारा त्याले, मारा!" कोणीतरी खरंच मारलं. काकोसांच्या नाकातून रक्त आलं. पांढऱ्या कपड्यांवर ते फार लाल दिसलं. आणि मला, लिहायला लाज वाटते, बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"डोंगरावरून उतरलेल्या पोरी आता आम्हाला शिकवणार का?" काकोसा मॅडमवर ओरडले.

मॅडमनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्या काकीसांच्या उजव्या हातात दुसरी, जाड सुई लावत होत्या. "डोंगरात पण असाच मार देतात," त्या म्हणाल्या. "म्हणून ओळखू आला. सिस्टर, एकशेआठला फोन लावा. नंदुरबारला सर्जनना सांगा, प्लीहा फुटलेली असणार. आणि पोलीस चौकीला कळवा."

रुग्णवाहिकेत काकीसांसोबत मी आणि पाटील सिस्टर. माझ्या भुवईवर कापूस चिकटवलेला. सायरन, खड्डे, प्रकाशा गावाजवळ तापीवरचा लांब पूल. सिस्टर दर पाच मिनिटांनी रक्तदाब बघायच्या आणि आकडा मला सांगायच्या नाहीत. मी विचारलं, तुम्हाला दारातच कसं कळलं. त्या म्हणाल्या, "पोर, पडेल बाई सोतानं हात दखस. मार खायेल बाई नवरानं तोंड दखस." आणि थोड्या वेळाने, "बठ सरळ. घाबरू नको. तू सांगं ना, आते आपलं काम व्हई गयं." पण ते झालं नव्हतं. पुलावर काकीसांचे डोळे पांढरे झाले. सिस्टरांनी त्यांच्या गालावर जोरात चापट्या मारल्या. "ओ मारवाडीण! जागी ऱ्हाय! मुगनं पाणी कोण पी मंग?" काकीसांना मार बसताना मी आयुष्यभर ऐकलं होतं. ह्या चापट्या मला अजून हव्या होत्या.

नंदुरबारला सर्जननी पोट उघडलं तेव्हा ते रक्ताने भरलेलं होतं. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा दोन ठिकाणी फाटली होती, काढावी लागली. काकीसा वाचल्या.

डॉक्टर वसावे मॅडम तिसऱ्या दिवशी बघायला आल्या. जिन्याजवळच्या बाकावर मी त्यांना तिन्ही खोट्या गोष्टी सांगितल्या. मला वाटलं त्या म्हणतील, तू लहान होतीस. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा काय, कान?" मी हो म्हटलं. "न्हाणीत घसरून कानाचा पडदा फाटत नाही. उघड्या पंजाने थोबाडीत बसल्यावर फाटतो. हे आम्हाला पहिल्या काही वर्षांतच शिकवतात. तुमच्या डॉक्टरांना तुझं खोटं पटलं नव्हतं. त्यांना ते हवं होतं." मग त्या कठड्यावरून खाली बघायला लागल्या. खाली ओपीडीत ताप आलेल्यांची रांग होती. "एका गल्लीतून टायफॉइडचे चार पेशंट आले, तर आम्ही पाण्याची टाकी बघायला जातो. एका गल्लीतून अशा चार बायका आल्या, तर टाके घालतो आणि त्यांना त्याच गल्लीत परत पाठवतो. मीही पाठवल्यात." त्यांनी ते कबुली दिल्यासारखं म्हटलं. आम्ही आजही अधूनमधून फोनवर बोलतो. या एका वाक्याच्या पुढे आम्हा दोघींनाही फारसं जाता आलेलं नाही.

पप्पा रोज डबा घेऊन येत. मम्मी येत नसे. पप्पा मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जबाब घ्यायला येतील. सांग की घाबरून काहीतरी बोलले. घराचं नाव आहे, तुझं लग्न आहे." मी त्यांच्या हातातला डबा घेतला. दुपारी हवालदार आले. काकीसांच्या नाकात नळी होती. हवालदारांनी विचारलं, "बाई, काय झालं होतं?" काकीसांनी पप्पांकडे पाहिलं, मग छताकडे. "माले काही याद नही," त्या म्हणाल्या. पप्पांनी श्वास सोडला. काकीसा थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "गुड्डीनं जे सांगितलं, ते लिहा." मग हवालदारांनी मला विचारलं, आणि मी मॅडमना सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. पप्पा तिथून उठून गेले. त्यांनी माझ्याशी बोलायला दीड वर्ष घेतलं. खटला अजून चालू आहे. तारखा पडतात.

घरी सोडायच्या दिवशी सर्जनसरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. प्लीहा नसलेल्या माणसाचा साधा ताप साधा नसतो, त्यांनी सांगितलं. जंतू रक्तात फार वेगाने पसरतात, आपल्या भागात मलेरियाही आहे. लसी घ्यायच्या, आणि ताप आला की त्याच तासाला दवाखाना. उद्या बघू म्हणायचं नाही. मम्मी त्या दिवशी आली होती. तिने मान डोलावली. काकोसा जामिनावर होते, गाडीत खाली बसून होते. काकीसांनी सरांना विचारलं, "त्याच तासाला?"

"त्याच तासाला."

"मग मी दवाखान्याजवळच राहीन," काकीसा म्हणाल्या.

मम्मी गोंधळली. पुढे तिने आणि पप्पांनी त्यांना पुष्कळ समजावलं, समाजातली माणसं आणली, काकोसांना पाया पडायला लावलं. काकीसांनी कोणालाही दोष दिला नाही, कोणाशी भांडल्या नाहीत. प्रत्येकाला एकच सांगितलं: डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्या समाजात नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला खोली मिळत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून राहणाऱ्या आजारी बाईला मिळते. नंदुरबारच्या त्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या जोडप्याने त्यांना पुढची खोली दिली. तिथे त्या खाकरे भाजून देतात. मी पुढे शिकायला नाशिकला गेले, तिथेच राहिले.

मी नाशिकला गेले त्याच वर्षी हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. दात वाजत होते. "गुड्डी, अंग तापलंय. निघालेय मी." मी म्हटलं, शेजारच्या काकांना उठवा, रिक्षा बोलवा, थांबा. त्यांनी फोन बंद केला नाही, तसाच पिशवीत टाकला असावा. मला त्यांची चप्पल ऐकू येत होती, दूधवाल्याची घंटा, दवाखान्याचं लोखंडी फाटक. मी नाशिकला हॉस्टेलच्या जिन्यावर कानाला फोन लावून बसून होते. मग एक अनोळखी सिस्टर. "कोण आहे सोबत? नवरा कुठाय?"

"कोणी नाही," काकीसा म्हणाल्या.

"काय होतंय?"

"नवऱ्यानं लाथ मारली होती. त्यात प्लीहा फुटली, ती काढलीय. आज पहाटेपासून ताप आहे. थांबायचं नाही असं सांगितलंय, म्हणून आले."

एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, अनोळखी बाईला, भरल्या ओपीडीत, घरचा पत्ता सांगावा तसं. मग कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि सिस्टर म्हणाल्या, "बसा इथे. हात द्या."